उभी राहिली की तापणारी गाडी

या, असे पुढे सरका. तुतीची सावली माझ्याकडे झुकलीय आणि ऊन तुमच्या पाठीवर येतंय, पाठ भाजत असली की माणसाचं मन कथेत लागत नाही. पेला भरून घ्या. अल्लाचं नाव घेऊन तुम्हांला एका गाडीची गोष्ट सांगतो. गाडीची म्हणजे तशी वाऱ्याची, आणि वाऱ्याची म्हणजे खरं तर दोन म्हाताऱ्या मैत्रिणींची. पण त्यांच्यापर्यंत पोचायला आधी तोलिबच्या गाडीचं बॉनेट उघडावं लागेल, त्याला इलाज नाही.

तोलिब आमच्या तिरमिजच्या शाळेत भूगोल शिकवतो. वारे कुठून निघतात, कुठं वळतात, समुद्रावर थंड का आणि वाळवंटात गरम का, हे तो गेली कित्येक वर्षं फळ्यावर बाण काढून सांगतोय. अशा माणसाच्या स्वतःच्या गाडीत ओंजळभर गार वारा असू नये, यात परमेश्वराची काही योजना असावी असं आता वाटतं. त्या वेळी मात्र त्याला तसं अजिबात वाटत नव्हतं.

दुखणं असं होतं. गाडी पळत असली की एसीतून झऱ्यावरून आल्यासारखा वारा यायचा. इंजिन चालू ठेवून गाडी कुठं उभी केली, सिग्नलला म्हणा, रेल्वे फाटकापाशी म्हणा, नानवाल्याच्या दुकानासमोर म्हणा, की तोच वारा आधी कोमट व्हायचा, मग गरम, आणि मग असा की वाटावं, कुणी तंदूरचं झाकण काढून आत नान भाजला का ते बघतंय. गाडी हलली की पुन्हा गार. आणि हे केव्हा, तर ऐन चिल्ल्यात. चिल्ला म्हणजे उन्हाळ्यातले ते चाळीस दिवस, ज्यांत आमच्याकडे शहाणी माणसं दुपारी घराबाहेर पाऊल टाकत नाहीत आणि कुत्रीसुद्धा एकमेकांवर भुंकण्याचं काम संध्याकाळवर ढकलतात.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, काच खाली करावी. तोलिबनंही तेच केलं असतं. पण मध्ये होसियत-खालाचा प्रश्न होता.

होसियत-खाला ही तोलिबच्या आईची थोरली बहीण. आई गेल्यापासून त्याच्याकडेच राहते. ती आमच्या मोहल्ल्याची ओतिन, म्हणजे बायकांच्या बैठकीत गाऊन धर्मकथा सांगणारी. तिचा आवाज तुम्ही ऐकायला हवा. आम्ही पुरुष भिंतीपलीकडे बसतो, कुणी गाजरं चिरायचं निमित्त करून, कुणी सरपण फोडायचं. ती पैगंबरांच्या जन्माचं स्तवन आळवायला लागली की चिरायचं गाजर हातात तसंच राहतं. पुलावाला उशीर होतो आणि कुणी रागावत नाही.

या खालाची बालमैत्रीण ओयतोती, बोयसूनच्या डोंगरातल्या गावी राहायची. वसंतापासून ती अंथरुणाला खिळली होती. तिनं निरोप धाडला होता: "होसियतला म्हणावं, जन्माचं स्तवन एकदा तुझ्या तोंडून ऐकव. मग मी जायला मोकळी." खालाचं स्वतःचं काळीजही नाजूक झालेलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "उन्हातून जायचं नाही. गेलातच तर गार गाडीतून, आणि वाटेत गाडीत उकडता कामा नये." तेव्हा तोलिब छातीवर हात ठेवून म्हणाला होता, "डॉक्टर, माझी गाडी म्हणजे हलतं तळघर आहे. खालाला मी नेतो."

हे बोलताना शेजारी त्याचा मेहुणा शोकिर उभा होता. शोकिर जकात खात्यात आहे. त्याची गाडी काळी, लांबलचक आणि आतून इतकी गार की तिच्यात खरबूज ठेवलं तर चार दिवस टिकावं. "साहेबांचा दौरा आटोपला की मी नेतो ना खालांना," तो म्हणाला, "तुमची गाडी कशाला, दाजी? मागच्या खेपेला फाटकापाशी थांबलो तर माझ्या सदऱ्याची इस्त्री आपोआप झाली."

तोलिब हसला. पण ते हसणं ओठांपुरतं होतं, हे त्याच्या बायकोनं, मुनव्वरनं, तेवढ्यात ओळखलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं गाडी दारासमोर उभी करून बॉनेट उघडलं. आमच्या मोहल्ल्यात उघडं बॉनेट आणि पेटलेली चूल यांच्याभोवती माणसं आपोआप जमतात. सगळ्यांत पुढे बोरोन-अका, अका म्हणजे आमच्याकडे दादा. हे अका सैन्यात रणगाड्यांवर होते, त्यामुळे ज्याला चाकं आहेत त्या प्रत्येक वस्तूवर ते आपला हक्क मानतात, त्यात बाबागाडीही आली. त्यांनी पाठीमागे हात बांधून आत पाहिलं.

"गॅस कमी झालाय."

"परवाच तर टाकी भरली, अका."

"गाडी पळते तो गॅस नाही रे मास्तर, एसीतला. मुलांना काय शिकवतोस तू?"

जमलेली माणसं हसली. तोलिबच्या अब्रूवरचा हा पहिला ओरखडा.

एसीवाल्यानं गॅस भरला. त्याच्या दुकानासमोर वारा असा गार आला की तोलिबनं त्याला दुआ दिल्या. पहिल्या सिग्नलला वारा कोमट. परत गेला तर एसीवाला म्हणाला, "मग जास्त झाला असेल," आणि थोडा काढून घेतला. दुसऱ्या सिग्नलला पुन्हा कोमट. तिसऱ्यांदा तोलिबला येताना पाहून त्यानं दुकानाचं अर्धं शटर खाली ओढलं. त्याला नमाजाची आठवण झाली होती. नमाजाला अजून बराच वेळ होता, पण माणसाला भक्तीची ओढ केव्हा लागेल याचा आपण हिशेब मागू नये.

मग बोरोन-अकांनी पंखा धरला. "गाडी उभी असते तेव्हा पुढून वारा येत नाही, पंखाच वारा ओढतो. पंखा आळशी झालाय. त्याला सरळ बॅटरीला जोडू." जोडला. पंखा गरगर फिरू लागला. किल्ली काढली तरी फिरत होता. "बघ," अका अभिमानानं म्हणाले, "आता तो कुणाचं ऐकत नाही." दुसऱ्या दिवशी शाळेचे उन्हाळी वर्ग सुटताना बॅटरी मेली. पालक फाटकापाशी उभे असताना भूगोलाचे शिक्षक स्टिअरिंगला आणि मुख्याध्यापिकाबाई आपल्या टाचांच्या चपला हातात घेऊन डिकीला, असं दृश्य आमच्या शाळेनं पाहिलं. बाई दमल्या तरी बोलायच्या थांबल्या नाहीत. "तोलिब-अका, तुम्ही परवा शिकवत होता ते मोसमी वारे हेच का?"

मुनव्वरचं मत पहिल्यापासून वेगळं होतं. तिच्या मते गाडीला दृष्ट लागली होती, आणि ती कुणाच्या डोळ्यांची हेही तिला ठाऊक होतं, पण भाऊच असल्यामुळे ती नाव घेत नव्हती. तिनं इसिरिकच्या वाळक्या काड्या पेटवून धुपाटणं गाडीत फिरवलं. एसी चालूच होता. त्यानं तो सगळा धूर श्रद्धेनं आत ओढून घेतला, आणि पुढे कितीतरी दिवस गाडी सुरू केली की ती आधी सगळ्यांची दृष्ट काढायची आणि मग वारा द्यायची.

या सगळ्यात खाला काय करत होती म्हणाल, तर गळ्याला लोकरी शाल गुंडाळून बसत होती. आमच्या म्हाताऱ्या माणसांना उन्हापेक्षा वाऱ्याची झुळूक जास्त भीतीदायक वाटते. मानेला वारं लागलं की तोंड वाकडं होतं, अशी त्यांची ठाम समजूत. "थंड वारा हवाय की नकोय तुम्हांला, खाला?" तोलिबनं वैतागून विचारलं. "डॉक्टरीणबाईंना हवाय," खाला म्हणाली. "मला ओयतोतीकडे जायचंय. वारा त्यांच्यासाठी, शाल माझ्यासाठी."

कुणीतरी सुचवलं की काचांना काळा कागद लाव, निम्मं ऊन बाहेरच राहील. कागदाला परवानगी लागते. तोलिब कचेरीत गेला. खिडकीमागचा माणूस भला होता, त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"प्रकृतीच्या कारणावरून परवानगी मिळते. आजारी कोण?"

"माझी मावशी."

"गाडी कुणाच्या नावावर?"

"माझ्या."

माणूस विचारात पडला. "असं चालत नाही, अका. एक तर गाडी मावशीच्या नावावर करा, नाही तर आजार तुमच्या नावावर."

तोलिब बाहेर येऊन पायरीवर बसला. तेव्हा त्याला पहिल्यांदा जाणवलं की आपण इतके दिवस जे धावतोय ते खालासाठी की शोकिरसाठी, हे नीट सांगता येत नाही. मेहुण्याची गाडी मागायला जीभ वळत नव्हती. आणि तिकडे डोंगरात एक म्हातारी दाराकडे डोळे लावून पडली होती. हा विचार त्यानं मनातून झटकला. पण गाडीतल्या इसिरिकच्या वासासारखा तो पुन्हा पुन्हा यायचा.

शेवटी त्यानं शोकिरला फोन केला. काय म्हणावं ते मनात घोळवून ठेवलं होतं, प्रत्यक्षात एवढंच म्हणाला, "खालाला तूच ने बाबा." पण शोकिर साहेबांबरोबर दूर समरकंदला होता. "परवा येतो, दाजी. परवा नक्की." यावेळी त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, तेच तोलिबला जास्त लागलं.

आणि त्याच दुपारी बोयसूनहून ओयतोतीच्या सुनेचा फोन आला. सकाळपासून तिनं तोंडात पाणी घेतलं नव्हतं. डोळे उघडले की एकच विचारायची, "होसियत निघाली का?"

खालानं फोन खाली ठेवला, पांढरी ओढणी डोक्यावर घेतली, शाल काखेत मारली आणि गाडीत जाऊन बसली. "परवापर्यंत थांबू या का?" असं विचारायचा धीर तोलिबला झाला नाही.

शहराबाहेर पडेपर्यंत सगळं ठीक होतं. गाडी पळत होती, वारा गार होता, खाला शालीत गुरफटून ओठांतल्या ओठांत स्तवनाच्या ओळी जुळवत होती. शेरोबादच्या अलीकडे टाकीचा काटा खाली आला. डोंगर चढायचा तर गॅस भरणं भाग होतं. पंपापुढे गाड्यांची अशी रांग की शेवटची गाडी जवळजवळ दुसऱ्या गावात. रांगेत गाडी सारखी इंचाइंचानं पुढे न्यावी लागते, नाही तर मागचा घुसतो. म्हणजे उभीच. वारा कोमट झाला. मग गरम झाला.

खालानं शाल सैल केली. तिचा चेहरा आधी लाल झाला आणि मग तो लाल रंग हळूहळू उतरायला लागला, ते तोलिबला आरशात दिसलं. ओठ हलायचे थांबले होते. पंपाच्या फाटकापाशी सगळ्या प्रवाशांना खाली उतरून बाहेर थांबावं लागतं, तसा पंपांवरचा नियमच आहे. तिथं तुतीच्या झाडाखाली एक मोडकं बाकडं होतं. त्यानं खालाला हाताला धरून बसवलं, पाणी पाजलं.

"परत जाऊ या, खाला."

"कुठं परत?"

"घरी. पुढे घाट आहे, चौक्या आहेत, प्रत्येक ठिकाणी गाडी थांबणार. तुम्हांला काही झालं तर मी काय करू?"

खालानं डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्याकडे पाहिलं. "तिला काय निरोप धाडू, बाळा? गाडी उभी राहिली की तापते, म्हणून आले नाही?"

तोलिब उठला, पाटाच्या पाण्यानं बादली भरली आणि बॉनेट उघडून पुढच्या जाळीवर रिकामी केली. पाणी ओतलं की एसी थोडा वेळ गार होतो, एवढं त्या साऱ्या खटाटोपातून त्याला कळलं होतं. दुसरी बादली ओतली. रांगेतली माणसं जमायला लागली होती. बॉनेट उघडं होतं ना. तिसऱ्या बादलीला मागून खाला काठी टेकत आली.

"हे काय आहे?"

"काय, खाला?"

"हे. लाल."

जाळीच्या पुढे, खालच्या बाजूला, एक जाडसर करडी पट्टी होती. तोलिबनं ती शंभरदा पाहिली होती. बोरोन-अकांनी ती बोटानं ठोकून पाहिली होती. एसीवाल्यानं तिच्यावरून हात फिरवला होता. ती गाडीबरोबरच आली असणार, कंपनीनं काहीतरी विचार करून बसवली असणार, असं प्रत्येकाला वाटलं होतं. आता कित्येक महिन्यांची धूळ पाण्यानं वाहून गेली होती आणि करड्या रंगातून मेंढ्याच्या शिंगासारखी वळलेली लाल नक्षी वर आली होती.

खालानं काठी तोलिबच्या हातात दिली आणि दोन्ही हातांनी ती पट्टी ओढली. चिखलात रुतलेला पाय निघावा तसा आवाज करत भलामोठा तुकडा बाहेर आला. लोकर लाटून केलेला नमदा. जाळीचा निम्म्याहून अधिक भाग त्यानं झाकला होता. गाडी पळायची तेव्हा वारा रेटून कसाबसा आत शिरायचा; उभी राहिली की त्या बिचाऱ्या पंख्याला ओढायला वाराच नव्हता.

"ही ओयतोतीच्या हातची शिंगं आहेत," खाला म्हणाली. "डावं शिंग तिला कधी नीट आलं नाही. हा खोगिराखालचा नमदा आहे तिचा."

मग सगळं उलगडलं. हिवाळ्यात तो खालाला घेऊन बोयसूनला गेला होता. बर्फ पडत होता. ओयतोती तेव्हा हिंडतीफिरती होती. डोंगरातल्या लोकांची रीत अशी की पाहुणा घरात शेकोटीपाशी बसला की यजमानानं बाहेर जाऊन त्याच्या घोड्याला पांघरूण घालायचं. पाहुण्याला सांगायचं नाही, सांगितलं तर उपकार दाखवल्यासारखं होतं. तिच्या अंगणात त्या दिवशी घोडा नव्हता, पांढरी गाडी होती. म्हातारीनं घोड्याच्या छातीशी बांधतात तसं, गाडीच्या छातीशी, आपला नमदा खालून घट्ट खोचून ठेवला होता.

"मला वाटलं, गाडीबरोबरच येतं हे," रांगेतला एक ड्रायव्हर म्हणाला.

"मलाही," तोलिब म्हणाला. त्याच्याकडून ते जरा जोरात निघालं. हसू की रडू हे त्याला कळत नव्हतं. ज्या बाईकडे पोचण्यासाठी एवढा आटापिटा चालला होता, तिच्याच मायेनं वाट अडवली होती.

बॉनेट बंद करून त्यानं गाडी सुरू केली. गाडी जागच्या जागी उभी, आणि वारा असा गार की खाला आत बसली आणि तिनं मुकाट्यानं शाल मानेभोवती गुंडाळली.

गॅस भरून निघाल्यावर घाटात दोन चौक्यांवर थांबावं लागलं. एका शिपायानं कागद बघता बघता खिडकीत कोपर टेकलं आणि गार वाऱ्यासाठी कागद पुन्हा पहिल्यापासून वाचले. तोलिबनं त्याला वाचू दिले.

ओयतोती जिवंत होती. अंथरुणात ती इतकी लहान झाली होती की रजईखाली कुणी आहे की नाही असं वाटावं. खाला तिच्या उशाशी बसली, दोघींनी एकमेकींचे हात धरले. मग ओयतोतीची नजर दाराशी उभ्या तोलिबकडे गेली. तिनं बोट हलवून त्याला जवळ बोलावलं.

"तुझा घोडा," ती कुजबुजली, "त्याला ऊब मिळाली ना?"

तोलिबनं खालाकडे पाहिलं. खालानं नजर हातातल्या हातांवरच ठेवली. एसीवाल्याचं शटर, शाळेचं फाटक, कचेरीची पायरी, सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं असणार.

"हिवाळाभर एकदाही थंडी वाजली नाही त्याला, अम्मा," तो म्हणाला. "तुमच्या नमद्यामुळेच."

ओयतोतीनं समाधानानं डोळे मिटले. खाला गाऊ लागली. सुनेनं खिडक्या उघडल्या, अंगणात शेजारणी येऊन बसल्या, आणि भूगोलाचा मास्तर भिंतीपलीकडे, जिथं पुरुष बसतात तिथं, एकटा बसून ऐकत राहिला. आतला आवाज कधी दमायचा, थांबायचा, पुन्हा धरायचा. मध्येच एकदा दुसरा, अगदी बारीक आवाज त्यात मिसळल्यासारखा त्याला वाटला.

खरबुजं पिकायच्या आत ओयतोती गेली.

तिरमिजला परतल्यावर बोरोन-अकांनी विचारलं, "शेवटी काय निघालं?" तोलिबनं क्षणभर विचार केला. नमद्याची गोष्ट सांगितली असती तर मोहल्ला आठवडाभर हसला असता, आणि ते हसणं डोंगरापर्यंत गेलं असतं. "तुमचा पंखा, अका," तो म्हणाला. "जरा उशिरानं गुण आला." अका महिनाभर मिशा पिळत हिंडले. शोकिर काळ्या गाडीतून आला, तेव्हा तोलिबनं त्यालाही हेच सांगितलं, आणि त्याच्या गाडीच्या गारव्याची मनापासून तारीफ केली. तशी ती गाडी होतीच.

मग खरं आम्हांला कळलं कसं? खालानंच सांगितलं. ओयतोतीच्या चाळिसाव्या दिवशी बायकांच्या बैठकीत तिनं ते गाऊन सांगितलं, अगदी बादलीपासून लाल शिंगापर्यंत. आम्ही भिंतीपलीकडे गाजरं चिरत होतो. बोरोन-अकांच्या हातातली सुरी थांबली. त्यांनी तोलिबकडे पाहिलं, तोलिबनं गाजराकडे. आणि सांगतो, एकही माणूस हसला नाही.

तर चहा संपवा, ऊन उतरलंय. तुम्हांला हसायचं असेल तर गाडीला हसा, मास्तरला हसा, त्याला आता सवय झालीय. पण थंडी पडेल, तुमच्या दाराशी कुणा पाहुण्याची गाडी उभी असेल आणि तुम्हांला ऊब सोडून बाहेर जावंसं वाटणार नाही, तेव्हा बोयसूनच्या त्या म्हातारीला आठवा, जिला डावं शिंग कधी नीट काढता आलं नाही. तिच्या नावानं दोन्ही तळवे उघडून दुआ मागा आणि ते चेहऱ्यावरून फिरवा. ओयतोती तिचं नाव.